चौकटीबाहेरची माणसे

दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रात आपट्याची पाने 'सोने' म्हणून एकमेकांना दिली जातात. आपट्याबरोबर त्या दिवशी शमीच्या वृक्षालाही पूजेचा मान असतो. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या ढोलीत ठेवली होती, ही कथा सर्वपरिचित आहे. या शमीला कन्नड भाषेत 'बन्नी' म्हणतात. म्हैसूर शहराच्या उत्तर भागात बन्नीच्या पूजेचे एक जुने स्थान असून त्यावरून त्या परिसराला 'बन्नीमंटप' हे नाव पडले आहे. वोडेयार राजे विजयादशमीला राजवाड्यातून मिरवणुकीने येथे येत आणि बन्नीची पूजा करीत. आज राजे नाहीत. परंतु मिरवणूक निघते. सुमारे साडेसातशे किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होते आणि हत्तींची ती शोभायात्रा जवळजवळ पाच किलोमीटरचे अंतर चालून बन्नीमंटपास पोहोचते. रात्री तेथील मैदानावर पोलीस दलाची मशालींची कवायत होते आणि म्हैसूरच्या दसऱ्याची सांगता होते.

हा सोहळा मैदानात बसून पाहणारे हजारो असतात. दूरदर्शनवर तो घरबसल्या पाहणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असते. गंमत अशी, की घरी बसलेल्या माणसाला काही गोष्टी मैदानातल्या माणसापेक्षा अधिक स्पष्ट दिसतात. घोडेस्वाराच्या चेहऱ्यावरचा घाम, मशालीच्या ज्योतीचा थरथराट, सलामी स्वीकारणाऱ्या राज्यपालांची मुद्रा हे सारे त्याच्या पुढ्यात येते. मात्र हे दृश्य त्याच्यापर्यंत कोणी आणले, हे त्याला दिसत नाही. उंच मचाणावर तासन्तास उभा असलेला कॅमेरामन, जमिनीवर पसरलेल्या जाड तारा ओलांडत धावणारे साहाय्यक, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीत अनेक छोट्या पडद्यांवर एकाच वेळी नजर ठेवून 'आता हा कॅमेरा, आता तो' असे क्षणाक्षणाला ठरविणारा दिग्दर्शक, ही सगळी माणसे चित्राच्या चौकटीबाहेर असतात. किंबहुना ती चौकटीत दिसली, तर कोणाची तरी चूक झाली असे मानले जाते.

थेट प्रक्षेपणाची ही गोष्ट मालिकेला अधिकच लागू पडते. कवायत प्रत्यक्षात घडत असते, कॅमेरा ती केवळ टिपतो. मालिकेत प्रत्यक्ष असे काही घडतच नसते. घर, गाव, पाऊस, लग्न, लढाई हे सर्व आधी कोणीतरी उभे करावे लागते. ते कसे उभे राहते आणि ते पाहून प्रेक्षक काय करतो, हे समजून घेण्यासाठी बन्नीमंटपापासून फार दूर जावे लागत नाही. प्रसारणाशी या भागाचे नाते जुने आहे. जवळच्याच वोंटिकोप्पल वस्तीत मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरातून एक खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव 'आकाशवाणी' होते. पुढे हाच शब्द साऱ्या देशाच्या नभोवाणीचे नाव झाला. त्याच परिसरातील यादवगिरी भागात इंग्रजी कादंबरीकार आर. के. नारायण यांचे घर आहे. आणि तेथून पश्चिमेला, जयलक्ष्मीपुरमच्या बाजूस, प्रीमियर स्टुडिओ होता. दूरदर्शनच्या दोन गाजलेल्या मालिकांचे धागे या दोन वास्तूंशी जोडलेले आहेत. एकीची आठवण गोड आहे. दुसरीची तशी नाही.

पहिली मालिका 'मालगुडी डेज'. नारायण यांनी आपल्या कथा-कादंबऱ्यांसाठी 'मालगुडी' नावाचे एक काल्पनिक गाव निर्माण केले होते. त्या गावाच्या कथांवर शंकर नाग यांनी ही मालिका दिग्दर्शित केली आणि १९८६ च्या सुमारास ती दूरदर्शनवर आली. शंकर नाग हे नाव कन्नड चित्रपटसृष्टीत मोठे आहेच. पण त्यांची घडण मुंबईच्या रंगभूमीवर, त्यातही मराठी नाटकांच्या सहवासात झाली होती. चापेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' या १९७९ सालच्या मराठी चित्रपटाशीही ते जोडलेले होते. मालिकेतील छोट्या स्वामीच्या वडिलांची भूमिका करणारे गिरीश कर्नाड यांचा जन्म माथेरानचा. ज्या मालिकेला आपण कर्नाटकाची मालिका म्हणतो, तिच्या पडद्यामागे महाराष्ट्राचाही थोडा अंश आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आता मालगुडी गाव कोठून आणायचे? लेखक म्हैसूरचे, म्हणून म्हैसूरमध्येच चित्रण करावे असा विचार कोणाच्याही मनात आला असता. पण कथांचा काळ स्वातंत्र्यपूर्व होता आणि मोठ्या शहरात विजेचे खांब, मोटारी, जाहिरातींचे फलक यांपासून कॅमेऱ्याची सुटका नसते. म्हणून शिवमोग्गा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आगुंबे हे गाव निवडण्यात आले. आगुंबे अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. त्याला 'दक्षिणेचे चेरापुंजी' म्हणतात. तेथील 'दोड्डमने' नावाचा जुना चौसोपी वाडा स्वामीचे घर झाला. जवळच्या अरसाळू येथील लहानसे रेल्वे स्थानक मालगुडीचे स्थानक झाले. कला-दिग्दर्शक जॉन देवराज यांनी गावाला जुन्या काळाचा साज चढविला. नारायण यांचे धाकटे बंधू, विख्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे मालिकेच्या आरंभी दिसत आणि एल. वैद्यनाथन यांचे संगीत त्यांना साथ देई. ती धून ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांना ती अजून आठवते.

लेखकाच्या दृष्टीने ही निवड साधी नव्हती. नारायण यांचा एक अनुभव कटू होता. त्यांच्या 'द गाइड' या कादंबरीवर १९६५ साली हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा त्यांच्या छोट्या दाक्षिणात्य गावाची कथा उदयपूर-जयपूरच्या भव्य राजवाड्यांत नेण्यात आली. चित्रपट लोकप्रिय झाला. लेखक मात्र नाराज झाले आणि आपली नाराजी त्यांनी 'मिसगाइडेड गाइड' या लेखात खुसखुशीत शब्दांत व्यक्त केली. चित्रण दुसऱ्या जागी होणे हा दोष नव्हे. म्हैसूरऐवजी आगुंबे हीसुद्धा दुसरीच जागा होती. जागा बदलताना कथेचा स्वभाव सांभाळला जातो की नाही, हे महत्त्वाचे.

असा प्रश्न जगात इतरत्रही उद्भवतो. कॅनडातील 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' ही एल. एम. माँटगमरी यांची कादंबरी एका अनाथ मुलीची कथा सांगते. ती घडते प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावर. १९८५ साली केव्हिन सुलिव्हन यांनी तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रमालिका तयार केली. तिचे बरेचसे चित्रीकरण बेटावर न होता दूरच्या ऑन्टॅरिओ प्रांतात झाले. पडद्यावर दिसणारे हिरव्या छपराचे घर त्या बेटावरचे नव्हतेच. तरीही ॲनवर जीव जडलेले वाचक आणि प्रेक्षक देशोदेशींहून, विशेषतः जपानहून, त्या बेटावर येत राहिले. कल्पित मुलीचे खरे घर पाहण्यासाठी माणसे समुद्र ओलांडून येतात, ही गोष्ट तर्काला पटत नाही. प्रेमाला पटते.

मालगुडीच्या बाबतीतही असेच घडले. ज्यांना मालगुडी हे गाव नकाशावर नाही हे ठाऊक होते, तेही आगुंब्याला जाऊ लागले आणि दोड्डमनेच्या ओसरीवर बसून 'इथेच स्वामी बसायचा' असे मुलांना सांगू लागले. म्हैसूरच्या एका रेल्वेगाडीला 'मालगुडी एक्सप्रेस' असे नाव देण्यात आले. अरसाळूच्या जुन्या स्थानकाच्या इमारतीत रेल्वेने २०२० साली मालगुडी संग्रहालय उघडले. यादवगिरीतील नारायण यांचे घर २०११ साली पाडले जाण्याच्या बेतात होते. वाचक आणि नागरिक यांनी आवाज उठविल्यामुळे ते वाचले, दुरुस्त झाले आणि २०१६ साली संग्रहालय म्हणून खुले झाले. ही केवळ एका मालिकेची किमया नव्हे. नारायण यांचे साहित्य त्यामागे होते. तथापि पुस्तक न वाचलेल्या लक्षावधी लोकांच्या मनात मालगुडी वसविले ते मालिकेने. महाराष्ट्रातही हे दिसते. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातील एका वाड्यात चित्रित होत असे, तेव्हा तो वाडा पाहण्यास लोक गाड्या करून येत.

या मायेचा थोडा ताप वाड्याच्या मालकांना आणि गावकऱ्यांना सोसावा लागतो, हेही खरे.

प्रेक्षक आपला प्रतिसाद आणखी कोणत्या मार्गांनी कळवितो? एके काळी मार्ग एकच होता, तो म्हणजे पत्र. १९९० च्या दशकात सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे दूरदर्शनवर 'सुरभि' हा कार्यक्रम सादर करीत. त्यात कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न विचारला जाई आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचे असे. पत्रांचा असा पूर आला, की एका आठवड्यात सुमारे चौदा लाख पत्रे आल्याचा विक्रम नोंदला गेला. सरकारी दरातील स्वस्त पोस्टकार्डे अशा स्पर्धांसाठी वापरली जाऊ लागल्यामुळे टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळे, अधिक किमतीचे पोस्टकार्ड काढावे लागले. त्या पत्रांत उत्तराबरोबर खुशालीही विचारलेली असे. पडद्यावरची हसतमुख सूत्रधार मुलगी कित्येक घरांना आपल्याच घरातली वाटे.

आज पत्राची जागा मोजणीने घेतली आहे. टीआरपी हा शब्द आपण नेहमी ऐकतो. त्याचा अर्थ, एखादा कार्यक्रम किती घरांत आणि किती वेळ पाहिला जातो याचा अंदाज. २०१५ पासून भारतात हे काम 'बार्क' ही संस्था करते. देशातील हजारो निवडक घरांत दूरचित्रवाणी संचाला मीटर जोडलेला असतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखतो आणि कोणती वाहिनी चालू आहे याची नोंद करतो. घरातील प्रत्येकाला स्वतंत्र बटण दिलेले असते, त्यावरून पाहणारी आजी आहे की नातू, हे कळते. या नोंदींवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी एकच शीत चेपावे, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे शीत जरा चुकीचे निवडले गेले, तर कोणाची तरी नोकरी जाऊ शकते. दैनंदिन मालिकेत आकडा घसरला की कथा वळते, खलनायिका अचानक सुधारते, मेलेला मनुष्य परत येतो, लग्न आणखी दोन आठवडे लांबते. प्रेक्षकाला वाटते, आपण फक्त पाहत आहोत. वस्तुतः तो नकळत लिहीतही असतो.

हा लिहिण्याचा भार अखेर कोणावर पडतो? रोज एक भाग दाखवायचा, तर रोज साधारण बावीस मिनिटांचे चित्रण तयार हवे. त्यासाठी बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात. कलाकार तेवढे आपल्या ओळखीचे असतात. परंतु सेटवर त्यांच्या कितीतरी पट माणसे राबत असतात. रंगभूषाकार, वेशभूषाकार, सुतार, रंगारी, ध्वनिमुद्रक, वरच्या फळ्यांवर चढून दिवे फिरविणारे लाइटमन, खुर्चीपासून चहापर्यंत सगळे हातात आणून देणारा स्पॉटदादा, आणि गर्दीच्या दृश्यात उभे राहणारे रोजंदारीचे कनिष्ठ कलाकार यांच्याविना मालिकेचे एक दृश्यही पुरे होत नाही. या माणसांसंबंधी म्हैसूरमध्ये जे घडले, ते सांगितल्याशिवाय पडद्यामागची गोष्ट पुरी होत नाही.

भगवान गिडवाणी यांची टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरी १९७६ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यावर आधारित 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' ही भव्य मालिका अभिनेते संजय खान तयार करीत होते. टिपूची भूमिकाही त्यांचीच होती. म्हैसूर ही टिपूच्या राज्याची भूमी आणि श्रीरंगपट्टण ही त्याची राजधानी हाकेच्या अंतरावर. तेव्हा चित्रीकरणासाठी म्हैसूरचा प्रीमियर स्टुडिओ निवडणे स्वाभाविक होते. अठराव्या शतकातील दरबार, दालने, पडदे, झुंबरे आत उभी राहिली. मुंबईहून आलेले तंत्रज्ञ आणि स्थानिक कामगार एकत्र काम करीत होते.

८ फेब्रुवारी १९८९ रोजी चित्रीकरण चालू असताना सेटला आग लागली. बासष्ट माणसे मृत्युमुखी पडली.

एका बंदिस्त सभागृहात एवढी माणसे का वाचू शकली नाहीत, हे समजण्यासाठी स्टुडिओ कसा असतो हे पाहावे लागेल. चित्रणाच्या वेळी ध्वनीही मुद्रित करायचा असतो. बाहेरच्या रस्त्यावरचा भोंगा, कावळ्याची कावकाव आत येऊन चालत नाही. म्हणून दारे बंद ठेवतात आणि झरोके शक्यतो नसतातच. आतल्या आत आवाज घुमू नये यासाठी भिंतींना आवाज शोषून घेणारे तंतुमय आवरण लावावे लागते. त्या काळी अनेक ठिकाणी त्यासाठी गोणपाट वापरीत आणि प्रीमियर स्टुडिओच्या भिंतींवरही ते होते. पंख्यांची घरघर ध्वनिमुद्रणात येते, म्हणून चित्रण सुरू होताना पंखेही बंद होतात. दृश्य उजळ दिसण्यासाठी हजारो वॅटचे दिवे लावलेले असतात. त्या काळचे हे दिवे घेतलेल्या विजेपैकी थोडीच प्रकाशात बदलत; उरलेली उष्णता होऊन बाहेर पडे. तेथील तापमान एकशेवीस अंश सेल्सिअसच्या आसपास गेले असावे, असे नंतर सांगितले गेले. सेट स्वतः लाकूड, कापड, रंग यांचा, म्हणजे सरपणच. आणि या सर्वांमधून तात्पुरत्या जोडलेल्या विजेच्या तारा गेलेल्या असतात.

थोडक्यात, चांगल्या चित्रासाठी आणि स्वच्छ ध्वनीसाठी जे जे केले जाते, त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट आगीला पोषक असते. म्हणूनच अशा जागी इतर कोणत्याही कारखान्यापेक्षा अधिक दक्षता हवी. म्हैसूरमध्ये ती नव्हती. सैल पडलेल्या विद्युतजोडण्या आणि हवा व धूर बाहेर पडण्यास वाट नसणे ही आग पसरण्याची मुख्य कारणे मानली गेली. आग विझविण्याची योग्य साधने तेथे नव्हती. वाळू आणि पाणी यांचाच आधार घ्यावा लागला. विजेमुळे लागलेल्या आगीवर पाणी टाकणे स्वतःच धोकादायक असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्षणीच्या असहायतेची कल्पना येते.

संजय खान यांचे शरीर मोठ्या प्रमाणावर भाजले. सुमारे तेरा महिने ते रुग्णालयात होते आणि त्यांच्यावर सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर ते पुन्हा टिपूची भूमिका करण्यासाठी उभे राहिले. त्यांच्या जिद्दीची कथा वृत्तपत्रांतून अनेकदा सांगितली गेली आणि ती सांगण्याजोगी आहेच. मालिकेच्या दिग्दर्शनात त्यांचे बंधू अकबर खान यांचाही वाटा होता. पण त्या दिवशी गेलेल्या बासष्टांपैकी किती जणांची नावे आज प्रेक्षकाला ठाऊक आहेत? त्यांच्यात रोजंदारीवर आलेले लोक होते, दिवे सांभाळणारे होते, ज्यांचा चेहरा फार तर गर्दीत क्षणभर दिसला असता असे कलाकार होते. नायकाचे दुःख प्रेक्षकाने आपले मानले, कारण नायक त्याला दिसत होता. हा प्रेक्षकाचा निष्ठुरपणा नव्हे. पडद्याची रचनाच अशी असते, की ज्याचा चेहरा दिसतो त्याचेच सुखदुःख पोहोचते.

मालिका अखेर १९९० साली दूरदर्शनवर सुरू झाली. तिचे साठ भाग झाले. नौशाद यांचे संगीत, भव्य दृश्ये आणि ऐतिहासिक वेशभूषा यांमुळे ती घराघरांत पाहिली गेली. परंतु या वेळी प्रेक्षकांचा प्रतिसाद एकसुरी नव्हता. टिपूची स्मृती सर्वत्र सारखी नाही. म्हैसूरच्या परिसरात अनेकांना तो इंग्रजांशी लढता लढता १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या तटाशी पडलेला राजा म्हणून आठवतो. मलबार आणि कोडगू या भागांत त्याच्या स्वाऱ्यांच्या वेदनादायी आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. मराठी वाचकाला तर हेही ठाऊक असते, की १७९० ते १७९२ च्या युद्धात पेशवे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध लढले होते. त्यामुळे मालिकेत दाखविलेला टिपू हा खरा इतिहास आहे काय, असा आक्षेप घेतला गेला. विरोध झाला, निदर्शने झाली आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर मालिकेसोबत एक निवेदन दाखविले जाऊ लागले. ही मालिका गिडवाणी यांच्या कादंबरीचे नाट्यरूप असून ती काल्पनिक आहे, तिच्यातील प्रसंगांच्या ऐतिहासिक सत्यतेचा कोणताही दावा केलेला नाही, असा त्याचा आशय होता.

कादंबरीवरून केलेल्या मालिकेला इतिहासाचे पुस्तक समजणे योग्य नाही, हे या निवेदनाने सांगितले. परंतु त्याने प्रश्न पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही. दिवाणखान्यात बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला दोन ओळींचे निवेदन लक्षात राहत नाही. घोड्यावरचा राजा लक्षात राहतो.

दूरचित्रवाणीवरील मालिकेबद्दल प्रेक्षकाने न्यायालयात जाणे ही गोष्ट तोवर नवी राहिली नव्हती. 'होनी अनहोनी' नावाची एक मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखविली जात होती. तीत गूढ, तर्काला न पटणाऱ्या घटना असत. ही मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते, असा आक्षेप घेऊन महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रसारणास मनाई मिळविली. निर्माते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठविली. दूरदर्शनवर आपली कलाकृती दाखविण्याचा हक्क हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि मालिकेने लोकांचे नुकसान होते असे म्हणणाऱ्याने तसा पुरेसा पुरावा दिला पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती. निकाल विज्ञान कार्यकर्त्यांच्या विरुद्ध गेला, तरी त्यांचा प्रयत्न व्यर्थ म्हणता येणार नाही. मालिका आवडली नाही तर संच बंद करावा, एवढेच प्रेक्षकाच्या हाती असते ही समजूत त्यांनी मोडली.

हे सगळे वाद पडद्यावर काय दिसावे याविषयी होते. पडद्यामागच्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी प्रेक्षकांनी असा आग्रह धरल्याचे उदाहरण सहसा सापडत नाही. १६ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत चेंबूरच्या आर. के. स्टुडिओमध्ये दूरचित्रवाणीवरील एका नृत्यस्पर्धेच्या कार्यक्रमाच्या सेटला आग लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या तोंडी हळहळ होती ती जुन्या चित्रपटांतील जळून गेलेल्या पोशाखांची आणि वस्तूंची. ती हळहळ समजण्यासारखी आहे. पण त्या सेटवर माणसे काम करीत असती तर काय झाले असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

कायद्याची चालही संथच होती. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली एक केंद्रीय कायदा झाला. त्याने निर्मात्याने कामगाराशी लेखी करार करावा असे बंधन घातले. परंतु तो पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. त्या वेळी देशात दूरचित्रवाणीवरील मालिका हा प्रकार जवळजवळ नव्हताच. तीन वर्षांनी, १९८४ साली, 'हम लोग' आली आणि पाहता पाहता हजारो माणसांचे पोट मालिकांवर चालू लागले. कायद्यातील व्याख्या मात्र होती तिथेच राहिली. म्हैसूरच्या आगीनंतर एकतीस वर्षांनी, २०२० साली, संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची संहिता संमत केली. तीत 'दृकश्राव्य कामगार' ही व्यापक व्याख्या आली. चित्रपटाबरोबर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आणि इंटरनेटवरील मालिका यांत राबणारी माणसेही तिच्या कक्षेत आली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दरम्यान सेटवरचे दिवेही बदलले आहेत. एलईडी दिव्यांनी प्रकाश तेवढाच मिळतो आणि उष्णता पुष्कळ कमी होते. गोणपाटाऐवजी सहजासहजी पेट न घेणारी आवरणे मिळतात. दारे मात्र चित्रण चालू असताना आजही बंदच असतात आणि आत किती माणसे आहेत, बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती आहे, हे चित्रण सुरू होण्याआधी कोणीतरी पाहिलेले असावे लागते.